सरळ केलेली मान

माझ्या हातून वस्तू कधी बिघडल्या नाहीत असं नाही. शिकत होते तेव्हा मी अंगठ्या जाळल्या, नथीचे मोती फोडले, एका नवरीच्या तोड्याचा सांधा जोडायला डाग देता देता निम्मी नक्षी वितळवून ठेवली. ते सगळं वडिलांनी निस्तरलं. पण एक सोन्याचा पक्षी मी बिघडवला, आणि तो बिघडवताना मला वाटत होतं की मी त्याच्या मालकिणीवर उपकार करते आहे. हे दुसरं मला जास्त लागतं.

आमचं दुकान पालघरला. वडिलांनी थाटलं आणि त्यांचा हात थरथरायला लागल्यावर मी चालवायला घेतलं. मोठ्या शोरूम आल्यापासून नवा दागिना घडवून घ्यायला आमच्याकडे फारसं कोणी येत नाही. पण तुटकं घेऊन शोरूममध्ये जायची सोय नसते, तिथे जुनं मोडून नवं घ्या म्हणतात. म्हणून आमचं पोट दुरुस्तीवर चालतं. आणि दुरुस्तीच्या बाबतीत वडिलांची एक सवय होती. सांगितलेलं काम झालं की वस्तू सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची. पाटली चेपलेली असेल तर गोल करायची, मंगळसूत्राच्या वाटीला पोचा असेल तर आतून काढायचा, झुमक्याची तार वाकली असेल तर सरळ करायची. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, काही मागायचंही नाही. घरी गेल्यावर बाईला कळतं, ते म्हणत, आणि ती पुन्हा येते. मी ही सवय इतकी अंगात मुरवली होती की वाकडं दिसलं की चिमटा आपोआप हातात यायचा.

सिस्टर आल्या त्या दिवशी दुकानात दुसरं कोणी नव्हतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणे. चर्चमधल्या नव्हेत, दवाखान्यातल्या. जन्म नर्सच्या नोकरीत गेला होता. माहेर वसईकडचं, ख्रिस्ती. निवृत्त झाल्यावर तारापूर आणि दांडीच्या मधे एका चिकूच्या वाडीला लागून असलेल्या घरात एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी लग्न करून पुण्याला होती आणि आता बाळंतपणासाठी आईकडे आली होती.

त्यांनी पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली, डबीतून गॉजची घडी. घडी उलगडली आणि माझ्यासमोर ठेवली. अंगठ्याच्या पेराएवढा एक पक्षी होता. सोन्याचा, वरून पांढऱ्या मीन्याचा, पंख अर्धे उघडलेले. पायाशी घरटं, घरट्यात चोची वर केलेली तीन पिल्लं. छातीवर मसुराएवढा लाल खडा. पाठीमागे तीन रोमन अक्षरं कोरलेली, ती येशूच्या नावाची असतात एवढं मला माहीत होतं. काम इतकं बारीक होतं की पिल्लांच्या चोचीतल्या जिभा दिसत होत्या. वरची कडी मात्र झिजून तुटली होती.

"पोर्तुगीजांच्या येळचा हाय, असं माझी आजी सांगायची," सिस्टर म्हणाल्या. "खरं-खोटं देव जाणे. तू कडी तेवडी नवी बसव, बाय."

मी सहज विचारलं, कुणाला द्यायचा आहे. त्यांनी गॉजचं टोक बोटाने सारखं केलं. मग सांगितलं, की त्यांच्या घरात बाळंतीण हा पक्षी गळ्यात घालते. कळा सुरू व्हायच्या आधी घालते आणि मूल अंगावर पितं तोवर काढत नाही. आजीच्या गळ्यात होता, आईच्या होता, त्यांच्या स्वतःच्या होता. मुलीच्या पहिल्या बाळंतपणात कडी तुटलेली होती म्हणून तो डबीतच राहिला. ते मूल पोटातच गेलं होतं.

"मी नर्स हाय," त्या म्हणाल्या. "ते मूल कशानं गेलं ते मला डॉक्टरच्या आधी कळलं होतं. पाखराचा काय संबंध नाय. तरी पण तू कडी बसव. पोरीला सातवा लागलाय."

कडीचं काम अर्ध्या दिवसाचं. मीन्याला आच लागू नये म्हणून पक्षी ओल्या चिंधीत गुंडाळून मी डाग दिला. जुन्या डागाखाली आणखी जुना डाग होता, त्याच्याखाली आणखी एक. माझ्याआधी निदान तीन सोनारांनी या जागी हात लावला होता, आणि त्यांतल्या एकानेही दुसरीकडे कुठे लावला नव्हता. हे मला तेव्हा दिसलं. कळलं नाही.

काम झाल्यावर सवयीप्रमाणे मी पक्षी फिरवून बघितला. मान वाकलेली होती, पार खाली, चोच छातीवरच्या खड्याला टेकलेली. मी आजवर घडवलेल्या आणि दुरुस्त केलेल्या साऱ्या पक्ष्यांच्या माना ताठ. कुयरीवरचा मोर, कानातले पोपट, पेंडलमधले हंस, कोणी कधी मान खाली घातलेली मला आठवत नाही. मला वाटलं, कपाटाच्या दारात सापडून चेपला असणार. मी चिमट्याला चामडं गुंडाळलं आणि मान हळूहळू वर आणली. सोनं चांगलं होतं, मऊ होतं, आलं. मानेवरच्या मीन्याच्या दोन-तीन कपच्या तेवढ्या उडाल्या.

इथे माझी खरी चूक आहे. मान जर चेपून वाकली असती, तर वाकाच्या बाहेरच्या अंगाला मीना आधीच तडकलेला असता. मीना म्हणजे काचच. तो तिथे गुळगुळीत होता, अखंड होता. म्हणजे घडवणाऱ्याने मान आधी वाकवली होती आणि मग तिच्यावर मीना चढवला होता. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसालाही हे कळावं. मी भिंग लावून बसले होते, आणि मला ते कळलं नाही, कारण मला चांगुलपणा करायची घाई झाली होती. उडालेल्या कपच्या मी जुन्या म्हणून झटकून टाकल्या.

आठवड्याने सिस्टर आल्या. घडी उलगडून पक्ष्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "बसली कडी नीट," एवढंच म्हणाल्या आणि डबी बंद केली. मला वाटलं, बाईंना भरून आलंय. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी बोईसरच्या एका चर्चमधून निरोप आला. प्रार्थनेत वापरायच्या चांदीच्या प्याल्याचा पाय हलत होता. तसली वस्तू बाहेर पाठवत नाहीत, म्हणून मीच हत्यारं घेऊन गेले. आत एका टेबलावर पांढरं कापड पसरलेलं होतं, आणि कापडाच्या मधोमध रेशमाने भरलेला तोच पक्षी होता. पंख अर्धे उघडे, खाली तीन पिल्लं. मान वाकलेली, चोच स्वतःच्या छातीत, आणि छातीतून लाल धाग्याचे तीन थेंब.

मी फादरना विचारलं, हा पक्षी असा का बसलाय.

फादर वयस्क होते, सांगायची आवड असलेले. म्हणाले, हा पाणकोळी, इंग्रजीत पेलिकन. युरोपात पूर्वी लोकांची अशी समजूत होती की पिल्लं उपाशी पडली की हा पक्षी आपल्या चोचीने आपलीच छाती फोडतो आणि पिल्लांना रक्त पाजतो. म्हणून तो येशूची खूण झाला. त्यांनी कपाटातून चित्रांचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि पानं उलटून दाखवली. चार-पाचशे वर्षांपूर्वी तिकडच्या बायका हे सगळं गळ्यात घालत. पाय दुमडून बसलेलं कोकरू. क्रुसाचे तीन खिळे, प्रत्येक खिळ्याच्या टोकाला माणिक. काट्यांचा मुकुट, शिडी, हातोडा, पकड, सगळं एका नखाएवढ्या लोलकात. अक्रोडाएवढा सोन्याचा मणी, तो उघडला की आत अख्खा क्रुसाचा देखावा. फादर म्हणाले, वाचता न येणाऱ्या बाईला हे बोटांनी चाचपून प्रार्थना करता येई.

एरवी मी त्या पुस्तकावर दिवस घालवला असता. खिळे कसे बसवलेत, मीन्याचे थर किती, मणी कोणत्या बाजूने उघडतो. त्या सोनारांचे हात आमच्यासारखेच होते, भट्टी आमच्यासारखीच असणार. पण एका पानावर तो पक्षी आला, मग आणखी एक आला, आणि प्रत्येकाची मान वाकलेली होती, प्रत्येकाच्या छातीवर लाल खडा होता. तो खडा शोभेचा नव्हता, ती जखम होती. मी त्या जखमेवरून चोच उचलून पिल्लांकडे पाठ फिरवल्यासारखा तो पक्षी बसवून दिला होता. प्याल्याचा पाय मी कसा घट्ट केला ते मला आठवत नाही.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते खाटेवर पडून असत, दिसत कमी होतं, पण वस्तूचं वर्णन केलं की डोळ्यांसमोर आणत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीपण हेच केलं असतं."

ते ऐकून मला धीर यायला हवा होता. आला नाही. वडिलांनी हात लावला असता तरीही चुकलं असतं अशी वस्तू जगात असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"पुन्हा वाकवता येईल?" मी विचारलं.

"तापवता येणार नाही. मीना जाईल, खडा जाईल. गारच वाकवावी लागेल. एकदा तू सरळ केलीस, तिथे सोनं कडक झालंय. तुटेल किंवा नाही तुटणार." मग म्हणाले, "आधी जाऊन सांग. आपण विचारलं नव्हतं."

सांगितलं नसतं तरी चाललं असतं, हा विचार मला आला. सिस्टरनी तक्रार केली नव्हती. तिसऱ्या दिवशी स्कूटर काढली. कोळगाव मागे पडलं तरी माझ्या डोक्यात वाक्यांची जुळवाजुळव चालू होती, आणि बोईसरला ट्रकांच्या रांगेत अडकले तेव्हा तर सरळ परत फिरावंसं वाटलं. मागचा ट्रकवाला खिडकीतून म्हणाला, "मॅडम, निकालो ना." मी निघाले.

सिस्टर ओट्यावर बसून जुन्या सुती साडीच्या लंगोट्या शिवत होत्या. मुलगी आत झोपली होती. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मान मी सरळ केली, कोणी सांगितलं नव्हतं, मला अर्थ माहीत नव्हता, मीनाही माझ्याच हातून उडाला.

त्यांनी सुई कापडात खोचली. "मला त्याच दिवशी दिसलं, बाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होते. म्हटलं, घरी जाऊन नीट बघते, मग फोन करते. घरी आले तर पोरीनं डबी हातातून घेतली." त्यांनी आत नजर टाकली आणि आवाज उतरवला. "म्हणाली, आई, पाखरानं मान वर केली बघ. या येळेला सगळं नीट होणार. हसली, बाय. ते मूल गेल्यापासून पहिल्यांदा हसली."

मी खाली बसले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. माझी चूक कुणाच्या तरी उपयोगी पडली होती.

सिस्टरना मात्र सुटका नव्हती. त्या म्हणाल्या, "मी रोज रोझरीची माळ घेऊन बसते आणि एकाच ठिकाणी अडकते. खोट्या गोष्टीवर पोरगी आस लावून बसलीय, आणि मी तिला बसू देतेय. हे पाखरू म्हणजे प्रार्थना हाय. त्याच्यावर खोटं बोलतेय मी."

"मी आत्ता वाकवते," मी म्हटलं. "पण तुटू शकते."

"आता नाय. आता तिच्या गळ्यातून काढायचं नाय." त्या ठामपणे म्हणाल्या, दवाखान्यात बोलत असतील तशा. "मूल झालं की मी बोलावीन. आधी तिला खरं सांगायचं, मग वाकवायची. तुटली तर तुटली. तोवर आपण दोघी गप."

पुढचे दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. मानेच्या जाडीची सोन्याची तार ओढून मी ती वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची. काही तारा टिकत, काही तुटत. कोणती टिकेल ते आधी कळत नसे. वडील आवाज ऐकत. एकदा म्हणाले, "तुझ्या चिमट्यानं कुणाचं मूल जगत नाही नि मरतही नाही." हे मला माहीत होतं. सिस्टरनाही त्यांच्या कडीबद्दल माहीत होतं. तरी मी प्रार्थना केली. कुणाला करायची ते ठरवलं नाही, नुसती केली.

मुलगी झाली. सिस्टरनी फोनवर एवढंच सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, वजन कमी हाय, काचेच्या पेटीत ठेवलीय. मग दोन आठवडे काही नाही. मी फोन करायची हिंमत केली नाही. घरी आणल्याचं कळलं तेव्हाही त्यांनी मला बोलावलं नाही. महिना उलटल्यावर एका सकाळी म्हणाल्या, "आज ये."

मी हत्यारं घेऊन गेले. आतल्या खोलीत मुलगी पलंगावर बसून बाळाला पाजत होती. बाळ इतकं लहान होतं की आईच्या कोपरात मावत होतं. साखळीतला पक्षी बाळाच्या डोक्याजवळ लोंबत होता, मान ताठ करून समोरच्या भिंतीकडे बघत होता. सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. मधे मला एक शब्द बोलू दिला नाही. मान आपोआप वर झाली नव्हती, त्या म्हणाल्या. यांनी केली होती, चुकून. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू हसलीस म्हणून मी गप बसले. पोरी, मी तुला फसवलं.

मुलीने ऐकून घेतलं. रागावली नाही, चकितही झाली नाही.

"आई, मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मानेवर चिमट्याचे वळ हायत. मीना उडालाय. लहानपणी ते पाखरू हातात घेऊन मी झोपायची, मला कळणार नाय?"

"मग तसं का बोललीस?"

"तू जेवत नव्हतीस. माझ्याकडे बघायचीस ती घाबरूनच. रोज माझ्या पोटावर कान लावायचीस, आणि ठोके लागेपर्यंत तुझा चेहरा मला बघवत नव्हता." तिने बाळाला कोपरात जरा वर घेतलं. "कायतरी बोलायलाच हवं होतं. समोर पाखरू होतं."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या. एवढ्या वर्षांत किती बायकांना धीर दिला असेल त्या बाईने. त्या आता हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगी पाय लांब करून आपलं पाऊल आईच्या मांडीला टेकवून बसली. बाळ पीत होतं, त्यामुळे तिला दुसरं काही करता येत नव्हतं. मी खिडकीबाहेर चिकूच्या झाडांकडे बघत राहिले. माझं तिथे काही काम नव्हतं आणि निघून जाण्यासारखंही नव्हतं.

थोड्या वेळाने सिस्टरनी चेहरा पुसला. उठून मुलीच्या गळ्यातली साखळी सोडली, पक्षी माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता वाकव."

मी पलंगासमोरच्या स्टुलावर पांढरा रुमाल पसरला, चिमट्याला चामडं गुंडाळलं. आणि तेव्हा मला कळलं की मान किती वाकवायची ते मला माहीत नाही. चोच खड्याला टेकत होती हे आठवत होतं, पण वाक कुठून सुरू होत होता, खांद्यातून की गळ्याच्या मध्यावरून, डोकं किती आत वळलं होतं, हे काही केल्या आठवेना. फोटो कुणी काढलेला नव्हता. सिस्टरना विचारलं. त्यांनी बोट वाकवून दाखवलं, मग दुसऱ्यांदा वेगळंच दाखवलं, मग हात खाली घेतला. पुन्हा पुन्हा करून बघायची सोय नव्हती. एकदाच वाकवायची होती.

"तुमच्या बोटाला आठवत असेल," मी मुलीला म्हटलं. "जरा इकडे बघून सांगा, किती?"

तिने वर बघितलं नाही.

"ताई, आता नका विचारू," ती म्हणाली. "हिच्यावरून डोळे काढले की मला वाटतं, हिचा श्वास थांबेल. काचेत होती तेव्हापासनं असंच होतं. मला दुसरीकडं बघताच येत नाय."

मी हातातला पक्षी तसाच धरून तिच्याकडे बघितलं. मानेच्या मुळापासून ती बाळावर वाकलेली होती, हनुवटी जवळजवळ छातीला लागलेली, डोकं थोडं डावीकडे, जिकडे बाळाचं तोंड होतं. मी चिमटा लावला आणि दाबला. मीन्याची एक कपची रुमालावर उडाली. सोनं कुरकुरलं, पण तुटलं नाही. तिची मान वाकली होती तेवढी मी पक्ष्याची वाकवली आणि थांबले.